पणजीच्या वहीतलं ते पान

गेर्टाआजी गेल्याचं मला तिच्या भावानं, डीटरनं कळवलं. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, पण चार वर्षांत तो एकदाही स्क्रीनवर उमटला नव्हता. रस्त्यात समोरून आला तरी तो मान वळवायचा. त्यामुळे सकाळी इन्स्टिट्यूटला जाताना ट्रॅममध्ये त्याचं नाव दिसलं, तेव्हाच मी समजले. “गेर्टा गेली. झोपेतच,” तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता एवढंच जोडलं, “रविवारी ये. तिला आवडेल.”

मी पोस्टडॉक संशोधक म्हणून लेकीला घेऊन जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले तेव्हा तिच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. दारातच मी तिला अदबीनं ‘फ्राऊ’ आणि आडनावानं हाक मारली. तिनं मान हलवली. “नुसतं गेर्टा. आम्ही क्वेकर लोक कुणाला पदव्या लावत नाही.” आता आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावानं कशी हाक मारायची? मी म्हटलं, “गेर्टाआजी म्हणू?” तिनं संशयानं विचारलं, “आजी ही पदवी आहे का?” म्हटलं, “नाही, नातं आहे.” तिनं थोडा विचार केला. “गेनाऊ, अगदी बरोबर. मग चालेल.” तेव्हापासून ती आमची आजीच झाली.

मौनात प्रार्थना करणाऱ्या या ख्रिस्ती पंथाची इथली मंडळी अगदी मूठभर. महिन्यातून दोन रविवारी एका भाड्याच्या खोलीत गोल बसायची. पाद्री नाही, मूर्ती नाही, भजन नाही. तासभर मौन, आणि आतून कुणाला काही सांगावंसं वाटलंच तर उभं राहून दोन वाक्यं बोलायची. औरंगाबादहून माझी आई आली होती तेव्हा गेर्टाआजी तिलाही घेऊन गेली. जर्मनचा एक शब्द न कळणारी आई तासभर स्वस्थ बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “आपल्या विहारासारखंच आहे गं. फक्त शेवटी कुणीतरी वंदना म्हणायला हवी होती.” मी भाषांतर करून सांगितलं, तर आजी म्हणाली, “पुढच्या वेळी त्यांनीच म्हणावी.” आणि आईनं पुढच्या वेळी खरंच म्हटली.

गेर्टाआजीच्या आयुष्यातलं मोठं काम म्हणजे तिच्या पणजीची वही. ही पणजी लग्न होताच नवऱ्याबरोबर अमेरिकेतल्या गवताळ माळावर गेली, मातीच्या ढेकळांच्या घरात राहिली, नांगर न लागलेली जमीन नांगरली, दोन मुलं तिथंच पुरली आणि नवरा गेल्यावर उरलेल्या मुलीला घेऊन जर्मनीत परतली. हे सगळं तिनं जुन्या वळणाच्या लिपीत लिहून ठेवलं होतं. ती लिपी आज बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर गेर्टाआजी ती लिपी शिकली आणि पुस्तक छापायचं म्हणून वही उतरवून काढू लागली. अधूनमधून एखादं पान मला वाचून दाखवायची. टोळधाडीचं पान, बर्फात अडकलेल्या गाईचं पान...

एके दिवशी ती वेगळंच पान घेऊन वर आली. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की पणजोबांनी त्या माळावरच्या मूळ रहिवाशांना पाव वाटून दिला. वहीत मात्र पणजीनं लिहिलं होतं, की सैनिक आले, शेजारच्या ओढ्याकाठची सगळी कुटुंबं हाकलून नेली, आणि आम्ही दाराच्या आत उभे राहून पाहत होतो. खाली एकच ओळ : ‘आपलं मौन ही प्रार्थना असते असं आम्हाला शिकवलं होतं, त्या दिवशीचं मौन प्रार्थना नव्हतं.’

त्या शनिवारी कॉफीला डीटर आला होता. तो म्हणाला, “हे पान गाळ. पणजोबा चांगला माणूस होता. मेलेल्यांना उत्तर देता येत नाही.” आजी म्हणाली, “ओढ्याकाठच्यांनाही येत नाही.” डीटरचा चेहरा लाल झाला. मग ती माझ्याकडे वळली. “तू सांग. ठेवू की गाळू?”

खरं तर दोघा भावंडांच्या मध्ये मी पडायला नको होतं. पण मी सांगितलं. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवरून मारून हुसकावलं, तेव्हा पारावर चांगली माणसंही बसली होती. त्यांनी हात उगारला नाही. तोंडही उघडलं नाही. मारणाऱ्यांची नावं आजोबा पुढं विसरले, गप्प बसलेल्यांची शेवटपर्यंत विसरले नाहीत. “त्यांच्यापैकी कुणाच्याही घरात अशी वही नाही,” मी म्हटलं. “तुमच्या पणजीनं लिहून ठेवलं. तुम्ही ते गाळलंत तर ती पुन्हा दाराच्या आत जाईल.”

डीटरनं कप खाली ठेवला, कोट उचलला आणि गेला. पान राहिलं. पुस्तक छापून झालं, थोडक्याच प्रती. आजीनं पहिली प्रत डीटरला टपालानं पाठवली. पोच आली नाही. मला वाईट वाटायचं. तिला विचारलं तर म्हणायची, “आल्झो, म्हणजे कसं, तो सावकाश वाचतो. लहानपणापासूनच.” तिच्या आवाजात जराही शंका नसायची.

गेर्टाआजीला निरोप द्यायच्या त्या रविवारी क्वेकरांच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. फुलं थोडी, फोटो नाही. अर्धा तास कुणीच बोललं नाही. मग डीटर उठला. ऐंशी पार केलेला माणूस. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. कोटाच्या खिशातून त्यानं ते पुस्तक काढलं. पानांचे कोपरे मुडपलेले, कणा सैल झालेला. त्यानं ते पान सबंध वाचलं, त्या ओळीसकट. मग म्हणाला, “माझ्या बहिणीनं हे गाळलं नाही. बरं केलं. हे मी तिला सांगायला हवं होतं.” आणि बसला. निघताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

आता तिचं घर दुसऱ्यांचं होईल. तिची एक सवय मात्र आमच्या टेबलावर आहे. जेवणाआधी ती शेजारच्यांचे हात धरून डोळे मिटायची. शब्द नाहीत, अर्धं मिनिट, मग हात हलकेच दाबून सोडायची. परवा माझी बारा वर्षांची लेक मैत्री फुटबॉलहून आली, भुकेनं कासावीस. मी घाईनं तिच्या ताटात भात वाढायला घेतला, तर म्हणाली, “ममा, वार्टे.” थांब. आणि मातीनं माखलेला हात तिनं माझ्यापुढं केला.

मी भाताचा डाव खाली ठेवला.