वन्संची फुगडी

माझ्या मोठ्या नणंदेइतकी स्वतःच्या देहाशी गुण्यागोविंदानं नांदणारी बाई अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल. तुम्ही मुलं त्यांना आत्याआजी म्हणता. मी लग्न झाल्यापासून वन्सं म्हणते. वन्सं मुळातच थोराड, पुढं वयानं त्यात आपली भर घातली. ‘यंदा चार किलो वाढलं’ हे त्या ‘यंदा आंबा महाग आहे’ इतक्या सहज सांगतात. मी पदराला पिन लावल्याशिवाय दारही न उघडणारी, त्यामुळे त्यांच्याबरोबर खरेदीला जायचं म्हणजे मला धीर गोळा करावा लागतो. भरल्या दुकानात त्या आपलं माप भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात सांगतात. लक्ष्मी रोडवरचा एक दुकानदार एकदा मान वर न करता म्हणाला, “तुमच्या मापात नाही.” वन्सं म्हणाल्या, “माझं माप आहे तिथं आहे. तुमच्याकडे ड्रेस नाही, असं म्हणा.” त्यानं मान वर केली. स्वारगेटला बसमध्ये त्या एका किडकिडीत मुलीशेजारी बसल्या आणि तिला समजावत म्हणाल्या, “तू अर्धी, मी दीड. झाल्या ना दोन?” साठी उलटल्यावर त्यांनी बिनबाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. मी म्हटलं, “वन्सं, या वयात?” तर म्हणाल्या, “दंड माझे, उकाडा माझा. तू कशाला घामाघूम होतेस?”

त्यांच्या सुनेनं एकदा हौसेनं त्यांना शेपवेअर आणून दिलं. छातीखालपासून मांड्यांपर्यंत पोट आवळून धरणारं ते प्रकरण वन्संनी मन लावून पाहिलं, ताणून पाहिलं, कापडाचं कौतुक केलं. मग त्यात जुन्या साड्या ठासून भरल्या, दोन्ही तोंडं शिवली आणि पाठीशी घ्यायला लोड केला. आल्यागेल्याला तो दाखवून सांगतात, “याचं पोट कधी म्हणून सुटत नाही.” सून सुरुवातीला रुसली होती, हल्ली तीच दुपारी त्या लोडाला टेकून बसते.

गेल्या श्रावणात वन्संच्या नातसुनेची पहिली मंगळागौर होती. ही मुलगी हिंजवडीत नोकरी करते, हुशार आहे, अंगानं भरलेली आहे. विश्रांतवाडीत वन्संच्या घराजवळचा छोटा हॉल घेतला होता. खेळ घेणाऱ्या बायका, फोटोग्राफर, ऑफिसच्या मैत्रिणी, सगळा थाट होता. मुलगी शिवलेल्या नऊवारीत सुरेख दिसत होती, पण पूजेला बसली ती खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखी. जेवणात पुरणपोळीचा एक घास खाऊन “भूक नाही” म्हणाली. खेळ सुरू झाले तेव्हा जिची मंगळागौर तीच भिंतीला चिकटून टाळ्या वाजवत होती. वन्संनी तिचं मनगट धरलं, मला खुणेनं बोलावलं आणि आम्ही तिघी बाजूच्या खोलीत गेलो.

“आत काय घातलंयस?”

“आजी, प्लीज. व्हिडिओ काढतायत.”

“श्वास कुठनं घेतेस?”

“वरच्यावर,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. मग कळलं. लग्नातल्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ही नवरी की नवऱ्याची मावशी?’ आणि त्याखाली हसण्याची रांग लागली होती. “मी नाही खेळणार, आजी. मी उडी मारली की सगळं हलतं.”

आता वन्सं फटकन काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. पण त्या खाली बघत म्हणाल्या, “मीही नाही खेळले. माझ्या पहिल्या मंगळागौरीला सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, ‘तू बस गं, माडी खाली येईल.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. पाचही वर्षं भिंतीला टेकून गाणी म्हटली. पुढं म्हटलं, जाऊ दे, खेळू कधीतरी. मग गुडघे गेले.” इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ही बाई जन्मतःच निर्धास्त आहे, अशी माझी समजूत होती.

मुलीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “आजी, मागची चेन ओढा.” ते शेपवेअर उतरवायला आम्हां दोघींना जोर लावावा लागला. मग ब्लाउजचे हूक लागेनात. पण शिंप्यानं शिवणीत भरपूर कापड सोडलं होतं. वन्संनी दोन्ही बगलांकडची एकेक शिवण उसवली, मी नऊवारीची नाडी सैल करून बांधली. मुलीनं पोटभर श्वास घेतला आणि पहिलं वाक्य काय, तर “पुरणपोळी उरलीय का?”

दोन पोळ्या खाऊन ती खेळायला उतरली. झिम्मा खेळली, पिंगा खेळली, मैत्रिणीबरोबर फुगडी अशी घातली की फोटोग्राफर मागं सरकला. सगळं हलत होतं, ते खरंच. मग धापा टाकत ती वन्संच्या खुर्चीपुढं उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

“अगं, गुडघे...”

“हळू घालू.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची चप्पल बाजूला सरकवली. त्या उठल्या, तिचे हात धरले, पावलं जुळवली. गाणाऱ्या बायकांनी लय उतरवली. जेमतेम दोन फेरे झाले असतील, तेही पृथ्वी फिरते तितक्या सावकाश. मग त्या खुर्चीत टेकल्या, पदरानं कपाळ पुसलं, आणि पुन्हा खेळायला पळालेल्या त्या मुलीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“असं असतं होय हे,” त्या म्हणाल्या.