एका बुधवारात दोन पार्क

एका दिवसात दोन पार्क होतील की नाही, यावर आमच्या ओटीवर चार दिवस खल चालला होता आणि चारही दिवस माझं उत्तर एकच होतं. होतील. मी होतील म्हटलं की होतात. भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात, आणि आवणीच्या दिवसांत कुणाचं खाचर कधी लावायचं हे गेली कित्येक वर्षं मीच ठरवते. कुणाची रोपं तयार आहेत, कुणाच्या शेतात पाणी जास्त झालंय, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे सगळं डोक्यात ठेवून अकरा बायकांची टोळी या बांधावरून त्या बांधावर फिरवायची. आजवर माझ्या हाताखाली कुणाचं रोप पिवळं पडलेलं नाही. अशा बाईला दोन पार्क काय जड?

सहल आमच्या टोळीचीच होती. शिमगा झाला होता, भात कधीच घरात आलं होतं, आणि बायकांना एकदा तरी कामाशिवाय एकत्र बाहेर पडायचं होतं. अडचण होती ती भेंडीची. आमच्या धसईच्या आसपास उन्हाळ्यात घरोघरी भेंडी असते आणि ती एक दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की ती जून होते, मग बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणजे मंगळवारी तोडा, गुरुवारी तोडा, मधला बुधवार आमचा. दोन दिवसांची सहल शक्यच नव्हती आणि पुन्हा दुसऱ्या बुधवारी सगळ्याजणी घरातून सुटतील याची खात्री नव्हती. जे काय व्हायचं ते त्या एका बुधवारात.

पहिला पार्क पाण्याचा, शहापूरच्या हायवेला. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. दुसरा तिथून मुंबईच्या बाजूला, भिवंडीच्या पुढे. तिथे पाळणे होते, भुताचं घर होतं आणि एक बर्फाचं घर होतं. हा दुसरा पार्क माझाच हट्ट आहे असं सगळ्यांना वाटत होतं. गाडी चालवणारा माझा चुलत दीर तर तोंडावर म्हणाला, "वयनी, एकच करा पन नीट करा. भिवंडीला ट्रॅफिक लागला तर सगळा दिवस गाडीत बसून काडाल."

"तू गाडी चालव, टाइमाचं मी बघते," मी म्हटलं.

हट्ट माझा नव्हता. तो माझ्या थोरल्या नणंदेचा होता आणि तिनं मला कुणाला सांगायचं नाही अशी गळ घातली होती. नणंद गावातच दिलेली, आमच्याच टोळीतली. तिचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी सैन्यात भरती झाला. या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदाच वर बर्फात ठेवलं होतं. नेमकं कुठे ते तो सांगत नसे. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर रविवारी आई विचारी, थंडी किती? तो म्हणे, "काय नाय गो आये. आपल्याकडं पौषात असते तेवडीच. सवय होते." पौषातली आमची थंडी म्हणजे सकाळी शेकोटी आणि दहा वाजता घाम. नणंदेला ते पटत नव्हतं आणि खोटं म्हणायलाही तिच्याकडे काही पुरावा नव्हता. तिनं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो धसईच्या बाजारात, गोळेवाल्याच्या पोत्यात.

"वयनी, मला एकदा त्याच्यात हुभं राह्यचंय," ती मला विहिरीवर म्हणाली होती. "तो खरं बोलतो का खोटं, एवडं कळू दे. मंग माजा जीव र्‍हाईल ठिकाणावर."

मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय हे तिला माहीत होतं.

मी वेळ आखली ती अशी. आठला गाव सोडायचं, सरळगाव, किन्हवली करत दहाच्या आत शहापूर. दोनपर्यंत पाण्यात. मग जेवण, आणि चारच्या सुमाराला दुसऱ्या पार्कात. बर्फाच्या घरात शेवटची तुकडी साडेपाचला सोडतात, हे मी फोन करून विचारून ठेवलं होतं. म्हणजे दीड तास हातचा राखून. दिरानं ते ऐकलं आणि मान हलवली. मला तेव्हा त्याचा राग आला होता, पण चूक माझ्या आखणीत होती आणि ती कुठे होती हे मला पाण्यात उतरेपर्यंत दिसलं नाही.

आवणीला बायका खाचरात एका ओळीत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा, त्याला पात म्हणतात. वाकून रोपं लावत मागे मागे सरकायचं. कुणाचा हात चालतो, कुणाची कंबर धरते, पण शेवटच्या बाईची पात पुरी झाल्याशिवाय कुणी बांधावर चढायचं नाही. जिचं आधी होतं ती वळून मागे राहिलेलीला हात देते. हा नियम माझ्या सासूच्या आधीचा आहे आणि तो मोडणाऱ्या बाईला मीच चारचौघीत बोललेली आहे. माझ्या टोळीच्या अंगात तो इतका भिनला आहे की त्यांना तो नियम वाटतच नाही. आणि मी मात्र पार्काची वेळ आखली होती एका बाईच्या हिशेबानं. एक बाई, एक घसरगुंडी, इतकी मिनिटं. इतकी वर्षं टोळी चालवून मी ही चूक करावी, याची मला आजही लाज वाटते.

सुरुवात कपड्यांपासून झाली. लुगडं नेसून पाण्यात सोडत नव्हते. नायलॉनची पँट आणि सदरा भाड्यानं घ्यावा लागला. आमच्यातली सगळ्यात मोठी काकी, साठी कधीच ओलांडलेली, जन्मभर काष्टा घालणारी. ती पँट घालून बाहेर येईना. बाकीच्या दहाजणी तिच्यासाठी दाराशी उभ्या. "काकी, तू ये गो, आमी पन तशाच हाव!" शेवटी काकी आली, दोन्ही हात मांड्यांवर दाबून, आणि आम्ही इतक्या हसलो की पहारेकरी बघायला आला. तिथेच अर्धा तास गेला.

मग घसरगुंड्या. एक बाई खाली येई आणि तिथेच थांबे. दुसरी येई, तीही थांबे. अकराजणी खाली जमल्या की सगळ्या मिळून पुढच्या घसरगुंडीला. मुंबईची पोरं आमच्या बाजूनं सुळकन जात होती, तीन तीन फेऱ्या मारत होती. मी म्हणत होते, अगं, तुम्ही पुढे व्हा, ती येईल मागनं. कुणी हलेना. एकीनं तर मलाच सुनावलं, "वयनी, तुमीच शिकवलंय ना?"

खरं सांगते, मजाही येत होती. लाटांच्या तळ्यात अकराजणी हात धरून ओळीत उभ्या राहिलो आणि लाट आली की एकदम ओरडलो. गुडघाभर चिखलात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बायका स्वच्छ पाण्यात नुसत्याच उभ्या होत्या, हातात काही नाही, वाकायचं नाही. नणंदही हसत होती. पण दर थोड्या वेळानं ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे आणि मग माझ्याकडे बघायचं टाळत असे.

जेवण आतमध्ये नेऊ दिलं नाही म्हणून गाडीपाशी येऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी खाल्ली. तेव्हाच दोन वाजून गेले होते. मी म्हटलं, आता निघू. तर उंच घसरगुंडी राहिली होती. सगळ्यात उंच, निळी. ती सोडून जायचं म्हणजे खाचर अर्धं टाकून जायचं. परत आत.

दहाजणी खाली आल्या. काकी वरच राहिली.

तीन वाजून गेले होते. काकी वर कठड्याला धरून उभी होती. पुढेही येईना आणि जिन्यानं मागेही फिरेना, कारण खाली दहाजणी वाट बघत होत्या आणि न उतरता परत जाणं तिला कमीपणाचं वाटत होतं. मी नणंदेच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "ताई, तुमी नि मी पुढं जाऊ. गाडी सोडील आपल्याला आणि यांना न्यायला परत येईल."

"काकीला वर ठेवून?" ती म्हणाली. "र्‍हाऊ दे गो. नसल माज्या नशिबात."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. तिच्यावर राग आला, काकीवर आला, सगळ्यात जास्त स्वतःवर आला. दिलेला शब्द मी कधी मोडत नाही, आणि त्या क्षणी माझ्यापुढे तिला दिलेले दोन शब्द होते. एक बर्फ दाखवण्याचा, एक गप्प राहण्याचा. दोन्ही पाळता येणार नव्हते. मी एक मोडायचं ठरवलं. ठरवायला मला वेळ लागला नाही.

मी ओल्या पायांनी तो सगळा जिना चढून वर गेले. काकी मला बघताच म्हणाली, "मला बोलू नको. येते मी. जरा दम घेऊ दे."

"काकी, बोलायला नाय आले," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. पोराचा फोन, पौषातली थंडी, नणंदेनं विहिरीवर काय म्हटलं ते, साडेपाचची शेवटची तुकडी.

काकीनं कठडा सोडला. मग म्हणाली, "आनि हे तू मला आता सांगतेस? मेली तू!"

एवढं म्हणून ती खाली बसली, डोळे मिटले, आणि माझा हात झटकून घसरत गेली. वळणावळणाला तिची आरोळी ऐकू येत होती. मी तिच्या मागोमाग गेले. खाली पोहोचले तोवर काकी नाकातलं पाणी शिंकरत टोळीला हाकत होती. "चला गो, चला, कापडं बदला! इथं काय झोपायला आल्यात?"

गाडीत काकीनं बाकीच्यांना काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही, मी पुढे बसले होते. मागची बडबड मात्र एकदम थांबली. नणंदेनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. भिवंडीला ट्रॅफिक लागलाच. दीर एक अक्षर बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून त्यानं गाडी काढली आणि साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बर्फाच्या घराच्या तिकीट-खिडकीशी होतो. पाळणे नाहीत, भुताचं घर नाही, पार्कातली दुसरी एक गोष्ट कुणी पाहिली नाही. तरी मी म्हणते, दोन पार्क झाले.

जाड कोट, बूट, हातमोजे दिले. आत पंधरा मिनिटं राहू देतात. दार उघडलं आणि श्वास छातीतच अडकला. बायका ओरडल्या, हसल्या, एकमेकींच्या अंगावर बर्फ उडवू लागल्या. दोन मिनिटांनी हसणं कमी झालं, दात वाजू लागले. नणंद एका कोपऱ्यात गेली. तिनं हातमोजा काढला, खाली वाकली आणि उजवा हात मनगटापर्यंत बर्फात घातला.

"ताई, काढा हात."

"थांब."

मी थांबले. सगळ्याच थांबल्या. शिट्टी वाजेपर्यंत तिनं हात काढला नाही. बाहेर आल्यावर तिला बुटाचे बंद सोडता येईनात, बोटं लाल होऊन ताठ झाली होती. मी खाली बसून तिचे बूट काढले. तिनं विचारलं, "किती वेळ होतो गो आपन?"

"पंधरा मिंटं."

"त्याची डूटी रातभर असते," ती म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, मी हे काय करून बसले. जीव ठिकाणावर राहावा म्हणून आणलं आणि होता तोही उडवला. मला ठामपणे माहीत नसलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत, त्यातली ही एक. तिला तिथे नेलं ते बरोबर की चूक.

रविवारी दुपारी नणंदेच्या ओटीवर मी आणि काकी बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. तिनं नेहमीसारखा स्पीकर लावला. तिकडे वारा होता, आवाज तुटत होता. या वेळी तिनं थंडीचं विचारलं नाही. त्यानंच वाट बघून सांगितलं, "आये, थंडी काय नाय हां इकडं. आपल्यासारकीच."

"माहीत हाय रे," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "पौषासारकी. तू सांगतोस ना दर खेपेला."

तिकडे तो हसला. सुटल्यासारखा हसला. मग त्यानं विचारलं, "आनि तू काय करतेस? बुधवारी फोन लागला होता माजा, तू उचललास नाय. कुटं गेलेलीस?"

नणंदेनं उजवा हात पदराखाली घेतला. "मी कुटं जाणार? घरातच होते."

काकीनं मान पुढे काढली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "हो रे, घरातच होती."