फुलांची सुईण

सातवीतच शाळा सुटली आणि मी कोकणातून सातपुड्याच्या पायथ्याशी, लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला आलो. तोडलेल्या जंगलात, अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून जिचा कंद लावतात त्या कळलावीचे दोनच वेल उरले होते. एक सुईण आजी रोज एका वेलाचं फूल खुडून दुसऱ्याच्या फुलांवर हळूच फिरवायची.

"झाडं गयात, पाखरं गयात. आते हाई काम माले करनं पडस. बी धरं नही, तं अडेल बाईले काय देऊ?"

तिथूनच गाडीवाट काढायची होती. माझ्याच्यानं कोयता उचलवेना.

मुकादम ओरडला, "वेलासाठी थांबलास? घरी जायचंय का?"

आजी वळली. "आरडू नको रे! मायना पोटमा आडवा व्हता तू. कोन काढं तुले भाईर?"

मुकादमानं वाट आखलेल्या खुंट्या उपटून वेलांपासून बाजूला ठोकल्या. नोकरी वाचली म्हणून मला रडूच आलं. आजी तोवर पुढच्या फुलाकडे वळली होती.