सासूबाईंसमोर उघडलेला रिपोर्ट
स्पिरिटचा वास आला की मला धुळ्याच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. सोनगीरला सासरी गेले असताना तारखेआधीच कळा सुरू झाल्या. तपासण्यांची फाइल जळगावच्या आमच्या घरी राहिली होती, नवरा वाटेत होता आणि सोबत फक्त सासूबाई होत्या. गरोदरपणातल्या तपासणीत मला बी प्रकारची कावीळ निघाली होती. सासरी कळलं असतं तर माझं ताट वेगळं झालं असतं, म्हणून आम्ही दोघांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पण बाळाला तो आजार होऊ नये म्हणून जन्मताच दोन इंजेक्शनं मिळायला हवी होती. “तपासणीत काही निघालं होतं का?” नर्सने विचारलं. “काही नही, बठ्ठं चांगलं शे,” सासूबाईच बोलून गेल्या. मी मोबाइलवर तपासण्यांचं ॲप उघडलं, तर रेंज नव्हती. दोन कळा येऊन गेल्या तेव्हा कुठे रिपोर्ट दिसला, आणि मी न बोलता मोबाइल नर्सच्या हातात दिला. तिने वाचून माझ्याकडे पाहिलं. “अक्का, बाळाचे कपडे घेऊन या,” असं सांगून तिने सासूबाईंना बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाली, “इंजेक्शनं तयार ठेवते.” मुलगी आता शाळेत जाते, तिला तो आजार झाला नाही. सासूबाई अजून कौतुकाने सांगतात, “मन्ही नातले जनमताच दोन सुया टोच्यात, तरी ती फार रडनी नही.” त्या सुया कशाच्या होत्या, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.