उसना आवाज

आधीच सांगून टाकते, मी फार्मासिस्ट आहे. लिंबू-मिरच्या, अंगारे, उतारे... या सगळ्याची मी घरात इतकी वर्षं टिंगल केलीय की आई मला 'डागदरीण' म्हणून चिडवते. डॉक्टर नसले तरी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच जरा ऑकवर्ड होतंय. पण इथले लोकांचे अनुभव वाचत आलेय आणि वाटलं, आपलाही एकदा लिहून मोकळं व्हावं. कुणाला यातलं काही कळलं तर सांगा, मी खरंच ऐकून घेईन.

मी गुलबर्ग्याजवळ कडगंचीला विद्यापीठाच्या दवाखान्यात औषधं देते. माहेर औराद, बीदर जिल्ह्यातलं. तिथे अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी अप्पांची हाक बसस्टँडपर्यंत ऐकू येते असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. "या माय, या अण्णा, नुसतं बघून तर जावा!" गिऱ्हाईक मराठी असो, कन्नड असो, दखनी नाहीतर तेलुगू, अप्पा त्याच्याच भाषेत ओरडणार. आम्ही लिंगायत; सकाळी इष्टलिंगाची पूजा करतानाही तोच पट्टीचा आवाज. शाळेत असताना मला अलार्म कधी लावावाच लागला नाही.

गेल्या वर्षी अप्पांच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, ती एक मोठी सुटका. पण गाठ वाढून शेजारच्या नसेला चिकटलेली होती. आवाजाला धोका आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आणि तसंच झालं. गळ्यातल्या दोन स्वरपट्ट्यांपैकी डावी हलायची थांबली. तोंड उघडलं की नुसती हवा. पाणी प्यायले की ठसका. स्पीच थेरपी झाली, गोळ्या झाल्या, महिने गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता फार अपेक्षा ठेवू नका.

सुरुवातीला गंमत वाटायची. अप्पा शेजारच्या खोलीतून आईला व्हॉट्सॲप करायचे, 'चहा'. नंतर ते मेसेजही थांबले. दुकान नोकरावर सोडलं. पूजा चालायची, पण मुक्याने. जेवायला हाक मारली की मान हलवायचे, भूक नाही. मी दर शनिवारी जायची तेव्हा ते आधीपेक्षा थोडे लहान झालेले वाटायचे. आवाज येवो न येवो, हा माणूस आपल्या हातातून चाललाय याची मला भयंकर भीती वाटत होती.

आता युको. जपानची. दखनीचा, म्हणजे आमच्याकडच्या उर्दू बोलीचा, अभ्यास करायला आमच्या विद्यापीठात आलेली, चाळिशीची बाई. अर्धशिशीसाठी गोळ्या न्यायला यायची, त्यातून ओळख वाढली. 'हो'ला 'हौ' म्हणायची, अगदी गुलबर्ग्याच्या रिक्षावाल्यासारखं. एकदा बोलता बोलता मी तिला अप्पांचं सांगितलं. तिने हातातला चहा खाली ठेवला. म्हणाली, त्यांना चालणार असेल तर मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

ती तेन्रीक्यो पंथाची निघाली. हा पंथ जपानमधलाच. तिथे त्यांचं मुख्य ठिकाण आहे, तिथे जाऊन प्रवचनं ऐकली की आजाऱ्यासाठी एक प्रार्थना करायचा अधिकार मिळतो. त्या प्रार्थनेला ते साझुके म्हणतात. मी हसले नाही, एवढंच. पण पुढे ती म्हणाली, "दवा बंद नक्को करो." तिथे मी जरा नरमले. आमच्याकडचे बाबा लोक आधी औषधच बंद करायला लावतात.

आईने अप्पांना विचारलं, त्यांनी मानेनेच हो म्हटलं, आणि एका शनिवारी आम्ही दोघी निघालो. बीदरला बस बदलून औरादला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. पाहते तर आईने ताटात लिंबू, मीठ, सुक्या मिरच्या, सगळं मांडून ठेवलेलं!

"हे कुठल्या चौकात टाकायचं, इचार तिला," आई म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. युकोने शांतपणे सांगितलं की काही उतरवायचं नाही, टाकायचं नाही. मग ती समजावत बसली आणि मी मराठीत सांगत गेले. शरीर आपलं नसतं, देवाने वापरायला दिलेली उसनी वस्तू असते. आपलं म्हणावं असं फक्त मन. घरात धूळ बसते तशी मनावर राग, हाव, अढी यांची धूळ बसत राहते. आजार ही शिक्षा नसते. देव आईबापासारखा आहे, तो त्यातून आपल्याला थांबून बघायला लावतो. प्रार्थनेत त्याला म्हणायचं, वाईट ते झाडून काढ आणि आम्हाला सांभाळ.

"झाडून?" आई उठूनच उभी राहिली. "आत्ता? दिवा लावल्यावर? न्हाई माय, तिन्हीसांजेला आमच्यात झाडत न्हाईत. लक्ष्मी जाती."

मी म्हटलं, "आई, खरा झाडू नाहीये तो!"

"कसला का असंना. सकाळी झाडू म्हन तिला."

मला वाटलं युको हसेल, नाहीतर दुखावेल. तिने गंभीरपणे मान हलवली. "हौ. सुबू करेंगे." आणि प्रार्थना सकाळवर गेली. भाकऱ्या थापताना आई मात्र एकदम म्हणाली, "शरीर उसनं म्हनती व्हय ती? मग बरोबर हाय. उसनं भांडं रिकामं न्हाई परत करायचं. कायतरी घालूनच द्यायचं." हे युकोला सांगितलं तर तिने माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. अप्पा उंबऱ्याशी बसून सगळं ऐकत होते.

सकाळी युकोचं डोकं दुखत होतं. डोळे सुजलेले. मी गोळी दिली. उद्या कर म्हटलं तर ऐकेना. अंघोळ करून ती अप्पांसमोर बसली. हलक्या टाळ्या वाजवल्या, बारीक सुरात काहीतरी म्हणत हातांच्या सावकाश खुणा केल्या. मग गळ्यावरून हात फिरवायचा होता, आणि ती थांबली. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग असतं, त्याला हात लागेल का, या विचाराने. अप्पांनी स्वतःच डबी वर उचलली आणि डाव्या तळहातावर धरली, रोज पूजेला लिंग धरतात तशी. तिने गळ्यावरून हात फिरवला. पुन्हा म्हटलं, पुन्हा फिरवला. संपलं.

काही झालं नाही. अप्पांनी तोंड उघडून पाहिलं, नुसती हवा. आई तोंड फिरवून चुलीकडे गेली. मला रडू येत होतं आणि माझाच संतापही येत होता. कशाला आणलं हिला इथे? कशाला आशा लावली या माणसाला?

काहीतरी बोलायचं म्हणून मी युकोला विचारलं, "तुझं डोकं एवढं दुखतं, मग तू स्वतःवरच का नाही करत हे?"

ती म्हणाली, स्वतःवर करता येत नाही. ज्याला मिळालंय त्याने दुसऱ्यालाच द्यायचं. आपल्याला हवं असेल तर दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं, आणि इथे जवळपास तसं कुणी नाही.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी देवाजवळची विभूतीची वाटी ओढली. तीन बोटं विभूतीत बुडवली आणि तिच्या कपाळावर सावकाश पट्टे ओढले. आमच्या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला ते असं करायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे. सवयीने ओठ हलले असतील.

"सुखी ऱ्हा, माय."

जाडा, घोगरा, मध्येच फाटलेला... पण अप्पांचा आवाज!

आई आतून ओरडली, "कोन बोललं?"

अप्पांनी स्वतःच मागे वळून बघितलं. खरंच! मग म्हणाले, "मीच की गं. कामून, दुसरं कोन हाय हितं?"

पुढचा अर्धा तास काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. आई रडत होती, मी रडत-हसत होते. अप्पा मध्येच थांबून पुन्हा बोलून बघत होते, आहे ना अजून म्हणून. चहा प्यायले, ठसका लागला नाही. युकोही डोळे पुसत होती. मी म्हटलं, तुझं डोकं? तर म्हणते, "सर तो अब्बी दुख रा." आणि दुसरी गोळी मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात बीदरला डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. स्क्रीन मलाही दाखवली. डावी पट्टी तशीच, जागची हललेली नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी उजवी पट्टी पलीकडे सरकून भरपाई करते. मी म्हटलं, ते हळूहळू ना? एका क्षणात? ते म्हणाले, "हळूहळूच होतं सहसा. पण मॅडम, बोलतायत ना ते?"

बोलतायत. आई म्हणते, तिनं दिलं आणि ह्यांनी भांडं रिकामं परत न्हाई केलं, इतकं साधं हाय. युकोला फोन केला तर ती म्हणाली, मी फक्त मागितलं. मी मागे लागून पुन्हा विचारलं, तर म्हणाली, अप्पा खूश आहेत ना? मग झालं. आमच्यातलं कुणी तेन्रीक्यो झालेलं नाही. अप्पांची पूजा इष्टलिंगाचीच चालते, मीही अजून लिंबू-मिरचीला हसते. पण त्या सकाळी काय झालं हे मला कुणी विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. खूप शोधलं, नाही सापडलं. आणि खरं सांगू? सुटल्यासारखं इतकं वाटतंय की आता शोधायची घाईही राहिली नाही.

परवा बाजाराच्या दिवशी औरादला गेले. बसमधून उतरले, बॅग खाली ठेवली आणि स्टँडवर तशीच उभी राहिले. गाड्यांचे हॉर्न, भाजीवाल्यांचा गलका... आणि त्याच्यातून,

"या माय, या अण्णा, नुसतं बघून तर जावा!"

थोडा फाटका आहे. पण स्टँडपर्यंत येतो.