शेजारचे टर्बिड आणि टर्जिड

इंग्रजीवर आमच्या काकांइतका जीव टाकणारा आणि ती बोलण्यात इतकी कंजुषी करणारा माणूस उभ्या मावळात झाला नसेल. वडगावच्या शाळेत ते मास्तर होते. लोणावळ्यात एकदा एका गोऱ्या साहेबानं त्यांना तुंगार्लीची वाट विचारली, तर यांनी नुसती छत्री त्या दिशेला रोखली. मी म्हटलं, "काका, निदान दोन शब्द तरी बोलायचे!" म्हणाले, "सोपे मी वापरत नाही, आणि अवघड त्याला झेपायचे नाहीत." त्यांना नाद होता तो एकसारख्या दिसणाऱ्या अवघड शब्दांना वेगवेगळं ओळखण्याचा. डिक्शनरीत अशी जोडी सापडली, की तशीच माणसं हेरून ते शब्द त्यांच्या नावावर करून टाकायचे. काकू चाणाक्ष, म्हणून ती पर्स्पिकेशस. तिच्या बहिणीचं सगळं बोलणं स्पष्ट, म्हणून ती पर्स्पिक्युअस. काकू म्हणायची, "शिव्याच देताय ना? मग मराठीत द्या की!"

शेजारचे सख्खे भाऊ धोंडिबा आणि सखाराम हे टर्बिड आणि टर्जिड. थोरल्याचं मन सदा गढूळ, तो टर्बिड. धाकटा कायम फुगलेला, तो टर्जिड. एका वर्षी दोघं वेगळे झाले आणि वाटणीत बैलजोडीतला एकेक बैल घेऊन बसले. अबोला असा, की दुसऱ्याचा बैल मागणार कोण? आषाढ लागला, गावभर भातलावणी सुरू झाली, यांची खाचरं मात्र तशीच पडून. अहो, पोराबाळांनी वर्षभर खायचं काय?

काकांनी दोघांना निरोप धाडला, "शब्दांत घोटाळा होतोय. ताबडतोब या." आणि ओटीवर त्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं. स्वतः डिक्शनरी उघडून निरखत बसले. "हलू नका रे, फरक निसटतो!" जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाचा दोन शब्दांत घोटाळा! काकू आतून नुसती हसत होती. असं तीन दिवस, रोज सकाळी. तिसऱ्या दिवशी धोंडिबा वैतागला, "मास्तर, लय झालं! आमची खाचरं पडल्यात तितं!"

सखाराम खाली बघत पुटपुटला, "तुज्या बैलाबिगर माजा एकटा काय करंल, दादा?"

काकांनी पुस्तक मिटलं. "जा आता. पाठ झालं माझं."

दुपारी दोन्ही बैल एका जुवाला होते.

काका गेले, तेव्हा दोघं भाऊ भेटायला आले. ओटी सगळी रिकामी होती, तरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा ना."

"ऱ्हाऊ द्या," धोंडिबा म्हणाला. "मास्तरांना आमी असंच लागायचो."

तोवर आवरून धरलं होतं, पण तेव्हा मात्र मला रडू आलं.