युनूसभाईंची तोंडी परीक्षा

पंखा सुरू करण्याआधीसुद्धा युनूसभाई ओरडायचे, "कोन हाये खाली?" खाली पलंगावर फक्त भाभी बसलेल्या असायच्या. त्या वैतागून म्हणायच्या, "मैं हूँ, और कौन? गिरेगा तो मेरे ही सर पे गिरेगा. चलाओ अब!" मगच बटण दाबलं जाई. पहिल्यांदा त्यांच्या मूर्तिजापूरच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मला हे फार विनोदी वाटलं होतं.

डिप्लोमा करून मी अकोल्याच्या एमआयडीसीतल्या सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये लागलो, तेव्हा ते तिथे बॉयलरचे शिफ्ट इन्चार्ज होते. त्यांचाही डिप्लोमाच. पण बॉयलर स्वतःच्या जबाबदारीवर चालवायचा तर सरकारी परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट मिळवावं लागतं. आधी लेखी, मग तोंडी. लेखीत युनूसभाई दरवेळी पास होत आणि तोंडीत दरवेळी नापास. किती वेळा, ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. आकडा ऐकला की लोक हसतात, आणि ते हसणं आता मला सोसत नाही.

त्यांच्या ओरडण्याचं कारण मला मिलमधल्या जुन्या लोकांकडून कळलं. बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो. तो रोज झडप उघडून बाहेर सोडतात, आणि उकळतं पाणी खालच्या खड्ड्यात जोरानं पडतं. मी लागण्यापूर्वी एकदा युनूसभाईंनी न विचारता झडप उघडली. महादेव नावाचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा माणूस, तेव्हा खड्डा साफ करत होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. तो वाचला, पण भट्टीपुढे परत कधी उभा राहिला नाही. वलगावला भावाच्या पानठेल्यावर बसू लागला. दर ईदला युनूसभाई शिरखुर्म्याचा डबा घेऊन तिथे जात. महादेव काही न बोलता खाऊन घेई आणि डबा धुऊन परत देई.

"दोन शिव्या हासडल्या असत्या त मोकळा झालो असतो गजूभाऊ," ते मला म्हणाले होते. "डबा धुऊन देते. आता काय करावं मानसानं?"

तेव्हापासून विचारल्याशिवाय ते कशालाच हात लावत नसत. रोजच्या कामात यानं काही बिघडत नसे. बिघडे ते परीक्षेत.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. बॉयलरला एक काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. काच रिकामी दिसली, तर काय कराल? उत्तर एकच आहे: ताबडतोब आग बंद. तिथे थांबायला वेळ नसतो. नळ्या तापून फुटल्या तर भट्टीपुढचाच काय, शेडमधला कोणीच वाचत नाही. युनूसभाईंना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला हे उत्तर त्यांनीच पाठ करून घेतलं. चहाच्या टपरीवर बशी उपडी ठेवायचे आणि म्हणायचे, "हे पाह्य, काच रिकामी. बोल पटकन. इचार नको करू, बोल!" मी बोलायचो. ते खुशीत येऊन माझ्या पाठीत धपाटा घालायचे.

मी पहिल्याच फटक्यात पास झालो. त्याच दिवशी, त्याच खोलीतून ते नापास होऊन बाहेर आले. अकोल्याला परतल्यावर पेढे त्यांनीच वाटले. "माहा पोट्टा पास झाला," असं गेटवरच्या वॉचमनलाही सांगितलं. मी बाजूला उभा होतो. खरं सांगायचं तर, मी पास झालो कारण मी कोणाला भाजताना पाहिलं नव्हतं. माझ्या आणि त्यांच्या हुशारीत एवढाच फरक होता.

पुढे मला अमरावतीच्या एका कपड्याच्या कारखान्यात बॉयलरवरची मोठी नोकरी लागली. अधूनमधून फोन व्हायचा. मग एकदा त्यांचा आवाज वेगळा लागला. शेठनं नवा, मोठा बॉयलर घेतला होता. जुन्यावर चालून गेलं, पण सर्टिफिकेट नसलेला माणूस यावर चालणार नव्हता. शेठ वाईट नव्हता. म्हणाला, "भाई, दिवाळीपर्यंत आणा. नाही आणलं तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल." भाभींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगी नर्सिंगला. वयाच्या त्या टप्प्यावर त्यांना दुसरीकडे कोण घेणार?

मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो. गाडीत दर स्टेशनाला मी विचारत होतो, "काच रिकामी?" आणि ते म्हणत होते, "आग बंद." शेगाव, भुसावळ, नाशिक. समोरच्या बाकावरची बाई आम्हाला वेडे समजली असावी. कल्याणला युनूसभाई तिलाच म्हणाले, "ताई, तुमी पन बसा परीक्षेले. पास व्हता तुमी."

परीक्षेच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो होतो. ते लवकरच बाहेर आले आणि शेजारी बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"इचारलं?"

"इचारलं. मी म्हनलं, आग बंद."

"मंग झालं की!"

"मंग तो म्हने, किती वेळात? माह्या तोंडून निंघून गेलं. म्हनलं, साहेब, भट्टीपुढचा मानूस बाजूले झाला की लगेच."

मी कपाळाला हात लावला.

"साहेब पोरगंच होतं, पन चांगलं होतं गजूभाऊ. ओरडलं नाई. म्हने, काका, तुमच्या हाती बॉयलर द्यायची मला भीती वाटते." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुले सांगू? मले पन वाट्टे."

तो परीक्षक चुकला असं मला म्हणता येईना.

दिवाळीनंतर शेठनं हिशेब करून दिला. दोन महिन्यांनी युनूसभाई अमरावतीला माझ्या कारखान्याच्या गेटवर उभे. धुतलेला सदरा, हातात नेहमीची पिशवी.

"कंत्राटदाराकडं मानसं भरून राह्यले म्हनते. मले भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर लाव."

"युनूसभाई, ते पोरांचं काम हाये. तुमाले झेपन का?"

"घरी बसलो त हाताची सवय जाईन. मंग पुढच्या टायमाले तोंडी परीक्षेत काय सांगू?"

मी त्यांना परत पाठवायला हवं होतं, की घेतलं ते बरं केलं, हे मला आजही कळत नाही. दुसरं काम माझ्या हातात नव्हतं. मी घेतलं.

पहिल्या सकाळी मी बॉयलर हाऊसमध्ये गेलो. ते फावडं टेकवून सरळ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नमस्ते साहेब."

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "भाई, मले साहेब नका म्हनू. पाया पडतो."

"म्हनू दे," ते म्हणाले. "तिथं परीक्षेच्या खोलीत म्हनाच लागते. सवय राह्यते."

आजूबाजूची पोरं हसली. तेही हसले, आणि फावडं कोळशात घालून पुन्हा भट्टीकडे वळले.